जप्तीस अपात्र जिन्नस

चैन कोणती आणि गरज कोणती, या प्रश्नावर संतांनी, तत्त्ववेत्त्यांनी आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी आजवर पुष्कळ शाई खर्च केली असली, तरी या वादाचा निवाडा करण्याचा खरा अधिकार, माझ्या अल्प मतीप्रमाणे, दिवाणी न्यायालयाच्या बेलिफाचा आहे. कारण बाकीचे सारे नुसते बोलतात आणि बेलिफ उचलून नेतो. नाझरकचेरीत उभी हयात घालविलेल्या माणसाचा हा पूर्वग्रह आहे असे कोणी म्हटल्यास म्हणो बापडा. परंतु 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील साठावे कलम ज्याने एकवार निवांतपणे वाचले असेल, त्याला मानवी गरजांची इतकी नेमकी आणि इतकी भावनाशून्य यादी अन्यत्र आढळणार नाही. हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी ऋणकोच्या दारी गेलेल्या सरकारी माणसाने कशाकशाला हात लावू नये, ते तिथे नमूद आहे : त्याचे व त्याच्या बायकामुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, आणि ऋणको शेतकरी असल्यास उपजीविकेपुरती औते, गुरे व बियाणे. अशा काही सवलती वगळल्या की आरामखुर्ची, भिंतीवरचे घड्याळ, ग्रामोफोन आणि आरसेदार कपाट ही सारी कायद्याच्या लेखी चैन, आणि म्हणून मुद्देमालाच्या खोलीत जाण्यास पात्र.

या यादीत मोबाईल नाही. 1908 साली तो असण्याचे कारण नव्हते, हे मान्य. पण पुढे तारेचा दूरध्वनी घरोघरी येऊ लागला तेव्हाही (घरोघरी म्हणजे आळीतल्या एका घरी) त्याला कोणी गरज म्हटले नाही. त्या एका घराचा क्रमांक उरलेली आळी आपापल्या लग्नपत्रिकांवर ‘पी.पी.’ अशी अक्षरे जोडून छापीत असे, आणि रात्री नऊ वाजता आलेला मुंबईचा ट्रंककॉल घेण्यासाठी समोरच्या वकिलांच्या दिवाणखान्यात अख्ख्या कुटुंबाने धावत जावे, तिथे वकीलपत्नींनी जेवणाचे ताट बाजूला सारून संभाषणातील आपल्या बाजूचा शब्दन् शब्द ऐकावा आणि दुसऱ्या दिवशी तो गावभर जावा, ही त्या काळची दळणवळण-व्यवस्था होती. स्वतःच्या यंत्रासाठी अर्ज केलेला इसम प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे राही. इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातील दळणवळणमंत्री सी. एम. स्टीफन यांनी तर, दूरध्वनी ही चैन आहे, हक्क नव्हे, ज्याला सेवा पसंत नसेल त्याने यंत्र खुशाल परत करावे, अशा आशयाचे उत्तर संसदेत दिल्याचे सांगतात. मला या उत्तराविषयी आदर आहे. ते उद्धट असेल, पण त्यात संदिग्धता नाही. आणि सरकारी उत्तरात हा गुण किती दुर्मीळ, हे मी सांगायला नको.

पुढे 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले आणि या देशात बिनतारी चैनीचा शुभारंभ झाला. तो एका साम्यवादी मुख्यमंत्र्याच्या हस्ते व्हावा, यात इतिहासाचा काही खोडसाळपणा असावा. दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत, आणि आलेल्या फोनलाही आकार. म्हणजे एखाद्या वाचाळ आप्ताची संधिवाताची कहाणी ऐकून घेण्याचा मोबदला ऐकणाऱ्यानेच द्यावयाचा. अशा वस्तूला चैन म्हणावे की प्रायश्चित्त, याचा मला तेव्हा उलगडा झाला नाही, आणि म्हणून मी तिच्या वाटेसही गेलो नाही.

आता मात्र तीच माझ्या वाटेस आली आहे. गॅसचे सिलिंडर घेऊन येणारा इसम मला वर्षानुवर्षे ओळखतो, माझ्या गुडघ्याची चौकशीही करतो, परंतु मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक सांगितल्यावाचून सिलिंडर उंबऱ्याच्या आत घेत नाही. बँकेतील माझे पैसे माझेच आहेत हे पटविण्यासाठी बँक मला नव्हे, माझ्या मोबाईलला विचारते. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखला आता घरबसल्या या यंत्रावरून देता येतो. ते डोळ्यांसमोर धरावयाचे, आणि समोरचा चेहरा छायाचित्राचा नसून जित्याजागत्या माणसाचा आहे अशी खात्री पटावी म्हणून पापण्यांची उघडझाप करावयाची. मी हा विधी यथासांग करीत असता आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, यात अवघड ते काय? कचेरीत सारी नोकरी एवढ्यावरच तर झाली तुमची.”

येथेच सगळा गोंधळ आहे, असे मला वाटते. मोबाईल माझी गरज झाला, तो माझी भूक वाढली म्हणून नव्हे. मला आजही कोणाशी तातडीने बोलावयाचे नसते. गरज आहे ती कचेऱ्यांची. त्यांनी आपले टेबल, कारकून, शिक्का आणि शाईची दौत हे सारे उचलून माझ्या खिशात आणून ठेवले, आणि त्या जागेचे भाडे मात्र दरमहा मीच भरतो आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद तलाठीभाऊसाहेब करीत, आणि ती पुष्कळदा चावडीत बसूनच, अंतर्ज्ञानाने होई. आता खुद्द शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाईलने पिकाचे छायाचित्र काढून पाठवावयाचे. नोंद नसेल तर पीक डोळ्यांना दिसते, दप्तराला दिसत नाही. अशा परिस्थितीत, सोयाबीन पेरण्याची तिफण ज्या अर्थी जप्तीस अपात्र, त्या अर्थी ते पेरले होते हे सिद्ध करणारे यंत्रही ‘औत’ या संज्ञेत का येऊ नये, असा युक्तिवाद एखाद्या होतकरू वकिलाने केल्यास त्याची पाठ थोपटण्यास मी तयार आहे.

आधार त्याला मिळेलही. कोझिकोडजवळच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीला वसतिगृहात सायंकाळी मोबाईल वापरण्याची बंदी मोडल्यावरून बाहेर काढले, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये इंटरनेटचा लाभ हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्कात अंतर्भूत आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर सहाच महिन्यांनी, 1 एप्रिल 2020 पासून, मोबाईलवरचा वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 18 वर गेला. सोन्यावर तो 3 टक्के आहे. म्हणजे हक्कावर 18 आणि पाटल्या-बिलवरांवर 3. कर बसविणाऱ्यांच्या घरात कोणाचे चालते, हे यावरून चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी यावे.

हा सगळा प्रपंच मी परवा आमच्या कचेरीतील एका जुन्या बेलिफांपुढे मांडला. गृहस्थ आता निवृत्त असले, तरी जप्तीच्या कामात त्यांच्याइतका अनुभवी माणूस जिल्ह्यात झाला नाही. दारात पाऊल टाकताच कोणत्या गादीखाली काय दडविले आहे, हे ते वासावरून सांगत. “आज वॉरंट हाती आले, तर ऋणकोचा मोबाईल न्याल की ठेवाल?” असे मी विचारले. त्यांनी पानाचा डबा उघडला, चुना लावला, आणि मग म्हणाले, “नाझरसाहेब, मोबाईल नेऊन कसं भागेल? हल्ली माणूस पैसे भरणार तो मोबाईलवरूनच. तोच उचलला तर वसुली व्हायची कशी?”

हा मुद्दा साठाव्या कलमाच्या कर्त्यांनाही सुचला नसता. मी निरुत्तर होऊन विचारले, “मग काहीच न्यायचे नाही?”

“न्यायचं तर!” ते म्हणाले. “चार्जर न्यायचा. दिवेलागणीच्या आत सावकाराचे पैसे जमा.”