बांधाचे आण्णा

कोरेगावपासून तासगावपर्यंत कुठल्याही शिवारात उतरा, दर दोन-चार गटांमागं एक आण्णा भेटतोच. गावात त्याला कुणी तात्या म्हणत असेल, कुणी बापू. ओळखायची खूण एकच : शर्टाच्या खिशात जुन्या मोजणीचा नकाशा, घड्यांवर फाटून त्याचे चार तुकडे झालेले, आणि नेमका वादाचा कोपरा गहाळ.

आण्णांचं रान उसाचं. पण त्यांचा जीव उसात नाही, बांधावर आहे. बांधावर कुंपण आहे : थोडं घायपात, थोडी निगडी, भगदाडाला बाभळीची कुपाटी आणि मध्येच एक शेवगा. हे कुंपण राखायचं कुणी, याचं उत्तर आण्णा हंगाम बघून देतात. शेवगा लगडला की ते त्यांच्या आज्यानं लावलेलं असतं. निगडी माजून सरीवर सावली धरायला लागली की तेच शेजाऱ्याच्या आज्यानं लावलेलं असतं. दोन्ही आजे एकच, ही गोष्ट वेगळी. कारण शेजारी म्हणजे आण्णांचा सख्खा चुलतभाऊ. परक्या माणसाशी भांडायला इतका उत्साह येणार कुठून?

“आण्णा, औंदा निगडी छाटूया का? मजुरी निम्मी निम्मी.”

“छाट की. मी कवा नको म्हटलं? पर निम्मी कशापायी? खोडं तुज्या हद्दीत हाईत.”

“आन् शेंगा?”

“शेंगा माज्याकडं वाकल्यात. त्याला मी काय करू?”

आण्णा बांध कोरतात, असं गावातले काही लोक बोलतात. अन्याय आहे. ते वर्षाकाठी फक्त एक तास जादा मारतात. पूर्वी याचा दोष बैलांवर जायचा, आता ट्रॅक्टरवाल्यावर जातो : “पोरगं परगावचं हाय, त्याला हद्द काय ठावं?” एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. बांध 330 फूट लांब असेल आणि दर साली तीनच इंच सरकला, तर तेरा वर्षांत जवळजवळ गुंठाभर रान अलगद पदरात पडतं. आण्णा सातवी नापास. पण हा हिशेब तोंडपाठ. अर्थात पलीकडून चुलतभाऊही त्याच शाळेत शिकलेला असल्यानं प्रत्यक्षात कुणालाच काही मिळत नाही. बांध तेवढा पाऊल ठेवण्यापुरता उरतो आणि पावसाळ्यात दोघांची माती एकाच ओढ्यातून कृष्णेला मिळते.

मग एकदाची मोजणी लागते. फी चुलतभावानं भरलेली असते, म्हणून आण्णांना ती आधीपासूनच मान्य नसते. पूर्वी भूमापक 33 फुटांची साखळी घेऊन यायचा. आता उपग्रहावरून हद्द दाखवणारं यंत्र काठीवर लावून येतो. आण्णा त्या काठीकडं आणि मग आभाळाकडं बघतात. “साखळीला निदान माती तरी लागायची, सायेब. वरनं बघून बांध कळत असता तर घारींनीच वाटण्या केल्या असत्या.”

भूमापक हद्द दाखवतो, दगड रोवले जातात, पंचांच्या सह्या होतात. महिन्याभरात एक दगड नाहीसा होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. आपल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा नीट राखण्याची जबाबदारी ती जमीनधारकावरच टाकते. तलाठ्यानं हे आण्णांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली : “म्हणून तर ग्वाट्यात नेऊन ठेवलाय. हितं कुणी चोरला असता म्हंजे?”

आणि याच आण्णांना गावानं तंटामुक्ती समितीवर घेतलं. ती योजना 2007 साली आर. आर. पाटलांनी सुरू केली. आबा तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. बांधापायी गावं कशी कोर्टात जातात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. समितीवर आण्णांचं काम खरोखर चोख. दुसऱ्यांचे बांध ते तासाभरात मिटवतात. “वीतभर मातीपायी भावकी तोडू नगा रं,” म्हणताना त्यांचा गळा दाटतो. तो खोटा नसतो, एवढं मात्र मी पैजेवर सांगेन.

जानेवारी 2023 मध्ये सरकारनं सलोखा योजना काढली. एकाच्या नावची जमीन बारा वर्षं दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं झालं असेल तर अदलाबदल करून घ्या. मुद्रांक शुल्क हजार रुपये, नोंदणी फी हजार. बांधाच्या भांडणाला तिचा काही उपयोग नव्हता. तरी आण्णांनी बैठकीत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दोन हजारांत मिटतंय म्हणता? मग एवढी वर्सं आमी काय येडं हुतो?”

या सगळ्या काळात कुपाटीला एक भगदाड आहे आणि ते कुणीच बुजवत नाही. दोन्ही घरच्या जावा तिथून शेंगा, ताक आणि आण्णांविषयीची मतं यांची देवाणघेवाण करतात. कुठल्याही नकाशात ते नाही.

तेव्हा साताऱ्या-सांगलीकडं रान घ्यायचा विचार असेल, तर सातबारा बघाच, पण खरेदीखतातली चतुःसीमा दोनदा वाचा. पूर्वेला ओढा चालेल, दक्षिणेला गायरान चालेल. पश्चिमेला आण्णा निघाले तर मोजणीची फी बाजूला काढून ठेवा आणि शेवगा स्वतःच्या दारात लावा.