हिरवा रकाना

चाकणच्या कारखान्यांची सुरक्षा हल्ली सॉफ्टवेअरमध्ये हिरवी दिसते. शेजारी भूमिपुत्रांचा रकाना: 2008च्या शासन निर्णयाप्रमाणे पर्यवेक्षकांत 50 आणि बाकीच्यांत 80 टक्के स्थानिक हवेत. स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला. म्हणजे खेडच्या डोंगरातला आदिवासी महादेव कोळी आणि दादरचा भाडेकरू, दोघांना एकच टिचकी!

पॉवर प्रेसखाली कंत्राटी पोराचं बोट गेलं, की ते ठेकेदाराच्या खात्यावर पडतं. गेटवरचे ‘अपघातविरहित दिवस’ वाढतच राहतात. ठेकेदाराच्या माणसालाही कामगार म्हणावं, हे 1948च्या कारखाने कायद्याला कळलं होतं. त्याच्याकडे डॅशबोर्ड नव्हता, एवढंच.

डिसेंबर 2023मध्ये चाकणजवळच्याच तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनवणारी विनापरवाना शेड पेटली. मेलेल्यांत बहुतेक बाया. तिथे लॉगिन नव्हतंच, त्यामुळे लाल दिवाही लागला नाही.