भेस्तानची मूर्खलक्षणे

दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. समर्थांनी त्यात मूर्खांची भलीमोठी यादी दिली आहे. सासऱ्याच्या घरी राहतो तो मूर्ख. आपल्याच मुलखात विपत्ती भोगत बसतो तोही मूर्ख. सुरतेच्या दक्षिणेला, उधना आणि सचिन या स्टेशनांच्या मध्ये वसलेल्या भेस्तानात ही दोन्ही लक्षणे एकमेकांना भेटतात. शहादा, शिरपूर, पारोळा, अमळनेर इकडचा तरुण गावची विपत्ती मागे टाकून जळगाव-उधना लाइनच्या गाडीत बसतो, म्हणजे एका मूर्खपणातून सुटतो. उधन्याला उतरून रिक्षाने भेस्तान गाठतो आणि मेव्हण्याच्या नाहीतर सासऱ्याच्या खोलीत पथारी पसरतो, म्हणजे दुसऱ्यात सापडतो. हा दुसरा मूर्खपणा मला फार मोलाचा वाटतो. त्याची आणि त्याच्या भावंडांची मनापासून स्तुती करावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

यशस्वी होण्यासाठी कोणते गुण लागतात, हे सांगणाऱ्या पुस्तकांना तोटा नाही. सॅम्युअल स्माइल्सचे ‘सेल्फ-हेल्प’ 1859 चे, स्टीफन कोव्हीचे सात सवयींचे पुस्तक 1989 चे. पहाटे उठा, कष्टाला लाजू नका, वेळ पाळा, पैसा जपून वापरा. यातला एकही उपदेश खोटा नाही. पण भेस्तान-पांडेसऱ्याच्या लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या कारागिराला यातले नवे काय सांगणार? तो वेळ पाळतो, कारण भोंगा वाजल्यावर मशीन त्याची वाट पाहत नाही. कष्टाला लाजत नाही, कारण मजुरी मीटरवर मिळते. कापड निघाले नाही तर पैसा नाही. एवढे गुण अंगी असूनही तो श्रीमंत होत नाही, यावरूनच कळायला हवे की यादीत काहीतरी राहून गेले आहे.

राहून गेले ते पाहायचे असेल तर लूमच्या खात्यात जेवणाच्या वेळी उभे राहावे. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचे तर कानाला तोंड लावावे लागते, नाहीतर हातांच्या खुणा. एका कारागिराकडे अनेक मशीन. ताण्याची तार तुटली की ती शोधून सांधायची, बॉबिन संपली की बदलायची, नाहीतर ताक्यात डाग राहतो आणि पैसे कापले जातात. अशात एकजण शेजाऱ्याला खूण करतो, तू जेवून घे. मग तो स्वतःची मशीन सांभाळून शेजाऱ्याचीही सांभाळतो. त्या वेळात निघालेले मीटर शेजाऱ्याच्या नावावर चढतात. सांधणाऱ्याला त्यातला पैसा मिळत नाही, उलट स्वतःच्या ताक्यात डाग पडण्याची भीती असते. हिशेबी माणसाने हे कधीच करू नये. पण हे कोणी केले नाही तर त्या खात्यात माणूस बारा तास टिकणारच नाही, आणि नवा पोरगा तार सांधायला शिकणार नाही. नव्याला मशीन कोण शिकवतो? शिकवताना ज्याचे मीटर बुडतात तोच.

त्या पोराला गावाहून बोलावणाराही असाच. फोनवर एवढेच म्हणतो, “यी जाय, देखी लेसूत.” खोलीत आधीच दाटी, दिवसपाळीवाले रात्री झोपतात आणि रातपाळीवाले दिवसा. त्यात आणखी एक ताट. पहिला पगार हातात येईपर्यंत किराणा दुकानदाराच्या वहीत त्याच्या नावाने नाही, बोलावणाऱ्याच्या नावाने उधारी चढते. पोरगा पळून गेला तर फेडायची याने. शहाणी माणसे अशा ठिकाणी जामीन राहत नाहीत.

धीर धरण्याच्या गुणाबद्दल एक जुना प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे मिठाई ठेवली आणि थांबलात तर दुप्पट मिळेल असे सांगितले. थांबलेली मुले पुढे आयुष्यात सरस ठरली, असे त्यातून निघाले. 2018 मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी अधिक मुलांवर ते पुन्हा पडताळले, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेताच तो संबंध बराचसा विरला. त्याआधी 2013 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी 28 मुलांवर याहून बोलका प्रयोग केला होता. काही मुलांना मोठ्यांनी आधी चांगले रंग आणायचे कबूल केले आणि आणून दिले. काहींना कबूल करून ते रिकाम्या हाताने परत आले. मग मिठाई समोर ठेवली. शब्द पाळलेला ज्यांनी पाहिला ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. फसलेली तीन.

म्हणजे मुलाचा धीर कोणाच्या तरी शब्दावर उभा असतो. भेस्तानला आलेल्या पोराने सहा महिने मशीन शिकण्यात घालवावेत, हा धीर त्याच्यात कुठून येतो? वहीत स्वतःच्या नावावर त्याची उधारी लिहू देणाऱ्या माणसाकडून. पुस्तके त्या पोराच्या जिद्दीचे कौतुक करतात, उधारी लिहू देणाऱ्याचे नाव घेत नाहीत. याचा मला राग येतो. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले आणि गुजरात पोलिसात शिपाई म्हणून सुरुवात केलेले सी. आर. पाटील 2019 मध्ये नवसारीतून लोकसभेवर 6 लाख 89 हजारांवर मताधिक्याने निवडून आले, ही गोष्ट सुरतेतल्या खान्देशी घरांतून अभिमानाने सांगितली जाते. सांगावीच. फक्त अशी गोष्ट एका माणसाच्या कर्तबगारीवर संपवू नये.

तिसरे लक्षण गावाचे. श्रावणात कानबाई देवी येते. तिचे रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे असतात, म्हणून कारागीर पाळ्या बुडवून गाव गाठतो, नाहीतर सुरतेतच भाऊबंद गोळा करतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुन्हा गावची ओढ. बंद घराच्या छपरावर खर्च, लग्नांत आहेर, थोरल्याच्या शेतीला बियाणे. एवढा पैसा सुरतेत साठवला असता तर स्वतःची खोली झाली असती, असे समजावणारे खूप आहेत. पण 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ पसरल्याची बातमी आली आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. 2020 च्या टाळेबंदीत लूम थांबले, मीटर थांबले, मजुरीही थांबली. तेव्हा ज्याने छप्पर शाकारून ठेवले होते त्याला जायला जागा होती. नियुक्तीपत्र नाही, कारखान्याचे ओळखपत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही अशा माणसाचा प्रॉव्हिडंट फंड म्हणजे ते छप्पर आणि तो रोट. खरा फंड त्याला मिळायलाच हवा, आणि तो मिळेपर्यंत त्याला काटकसरीचे धडे कोणी देऊ नयेत.

सर्वांत मोठा मूर्खपणा मात्र बायकांच्या भिशीत आहे. साड्यांना लेस लावणे, स्टोन चिकटवणे, धागे कापणे अशी कामे घरी आणून त्या करतात. नगावर मिळणारे थोडके पैसे, त्यातून दरमहा भिशी. चिठ्ठी जिच्या नावाची निघेल तिला त्या महिन्याची सगळी रक्कम. आणि जिची निघाली ती पुष्कळदा म्हणते, मला पुढच्या वेळी द्या, या महिन्यात हिला द्या, हिच्या पोरीची फी भरायची आहे. कागद नाही, सही नाही, व्याज नाही. पैसे घेणारी उद्या खोली बदलून गेली तर कोणत्या दारात उभे राहणार? तरी रक्कम दिली जाते.

सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमाच्या शाळाही चालवते. तिथल्या मराठी शाळांत व्यक्तिमत्त्व विकासावर बोलायला पाहुणा आणायचा असेल, तर आपली चिठ्ठी सोडून देणाऱ्या या बाईला बोलवावे, आणि तिचे त्या दिवसाचे लेस लावण्याचे पैसे शाळेने भरून द्यावेत.