भाऊजींचं शस्त्रागार

अमेरिकेत, एडिसनला ताईकडे गेलं की चहाच्या आधी तळघर बघावं लागतं. भाऊजी जिन्यातच विचारतात, "हात कोरडे आहेत ना?" खाली डीह्युमिडिफायर घुरघुरत असतो आणि भिंतीवर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या तलवारी ओळीने टांगलेल्या असतात. मधोमध अँदुरिल, सव्वाचार फुटांहून लांब. ती त्यांनी आजवर एकदाही फिरवलेली नाही. शोभेच्या तलवारीचं पातं मुठीत शिरताना बारीक होत जातं. आवेशात फिरवली तर मूठ हातात आणि पातं टीव्हीत!

"पण दिसायला डिट्टो!" हे त्यांचं पालुपद. मग माहिती सुरू. सिनेमातल्या मूळ तलवारी न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपमध्ये पीटर लायनने घडवल्या. जवळून दाखवायच्या त्या पोलादी, हाणामारीला अ‍ॅल्युमिनियमच्या. "म्हणजे त्या अख्ख्या सैन्यापेक्षा माझीच जड!"

रविवारी शेजारी गाड्या धुतात तेव्हा भाऊजी पाती पुसतात. फडकं भाच्याच्या बाळपणीच्या दुपट्याचं. इतकं मऊ कापड अमेरिकेत मिळत नाही म्हणे. दसऱ्याला लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि अँदुरिल एका पाटावर. ताई गंधाची वाटी घेऊन आली की हे आडवे येतात, "फूल वाहा, अक्षता वाहा. गंध किल्लीला लाव."

मागे आई सांगलीहून गेली होती, त्याच सुमाराला एक जडशीळ खोकं आलं. उघडलं, तर आत तलवारीचे तुकडे. आई हळहळली, "जावईबापू, वाटेत मोडली हो. पावती आहे ना?"

"आई, ती मोडकीच मागवलीय. नार्सिल!"

जावयाला वेड्यात काढता येत नाही, म्हणून आई सोफ्यावर बसली. भाऊजींनी एलेंडिलपासून सुरुवात केली. तो पडला, तलवार मोडली, मग पोराने, इसिल्दुरने, उरलेल्या थोटकानेच सॉरॉनचं अंगठीचं बोट छाटलं. ताई दोनदा जेवायला बोलावून गेली. आई हलली नाही. शेवटी म्हणाली, "मग ती जोडली की नाही कुणी?"

"जोडली ना! तीच ही अँदुरिल."

"अहो, जोडलेली घरात असताना मोडकी कशाला आणली?"

भाऊजी पहिल्यांदाच निरुत्तर झाले, पण इतक्या वर्षांत "मग पुढे?" असं विचारणारं माणूस त्यांना तेव्हाच भेटलं. आता दर शनिवारी सासू-जावयाचा व्हिडिओ कॉल असतो. ताईला फोन शेवटी मिळतो, तोही चार्जिंग संपताना.

परवा त्यांनी विचारलं, "आई, यंदा येताना काय आणू?"

"ती धाकटी आणा. स्टिंग. शत्रू जवळ आला की निळी चमकते ना, ती. सोसायटीच्या मीटिंगला घेऊन बसेन म्हणते."

आम्ही सगळे हसलो. भाऊजी सोडून. ते गंभीरपणे म्हणाले, "आई, माझ्याकडची चमकत नाही. दिव्याची वेगळी मिळते. सेलवर चालते."

आणि त्यांनी तिथेच लॅपटॉप उघडला.