घोडा विकणे आहे, गाढवांसाठी

इंग्लंडमधल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात हा गृहस्थ सापडतो. वय पंचाहत्तरच्या पुढे, कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेलं जाकीट, आणि गॅरेजमध्ये मऊ सुती झुलीखाली एक जुनी इटालियन मोटार. ती त्याला विकायची आहे. पैसे त्याला नकोत, सगळे धर्मादायाला जाणार. एवढं तो पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. गाडी अजून का विकली गेली नाही, हे सांगायला पुढचा दीड तास घेतो.

विकण्याचं खरं कारण गुडघे. १९६५ सालच्या फेरारी ३३० जीटीत बसणं अजून जमतं, कारण बसताना पृथ्वीची मदत असते. बाहेर यायला मात्र बायको लागते, आणि ती बाजारात गेली असली तर पोस्टमन. पण ‘गुडघ्यांपायी फेरारी विकली’ हे क्लबात सांगण्यासारखं नाही. ‘गाढवांसाठी विकली’ हे आहे.

गाढवं ही थट्टा नव्हे. डेव्हनमध्ये सिडमथजवळ डाँकी सँक्च्युअरी आहे. १९६९ साली सुरू झालेला, टाकून दिलेल्या गाढवांचा आश्रमच म्हणा. मृत्युपत्रात पोटच्या पोरांना कात्री लावून गाढवांची सोय करणारे इंग्रज मला कधीच पुरते कळलेले नाहीत, पण ते आहेत आणि भरपूर आहेत. ज्यांना गाढवं नकोत त्यांच्यासाठी समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या लाइफबोटी आहेत, अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणारी हॉस्पिसं आहेत. आमच्या गृहस्थाने गाढवं निवडली. फेरारीच्या नाकावर उधळलेला घोडा असतो. पहिल्या महायुद्धातल्या फ्रांचेस्को बाराक्का या इटालियन वैमानिकाच्या विमानावरचा तो घोडा, त्याच्या आईच्या सांगण्यावरून एन्झो फेरारीने घेतला. तो घोडा विकून गाढवांना चारा घालायचा, यात विसंगत काय ते गृहस्थाला समजत नाही. ‘हट्ट दोघांचा सारखाच,’ तो म्हणतो.

करासाठी चाललंय का हे सगळं, असं विचारून पाहावं, तर तीही सोय नाही. ब्रिटिश करखातं मोटारीला नाशवंत मालमत्ता मानतं. किंमत कितीही चढो, सरकारदरबारी ती कोबीच्या गड्ड्यासारखीच, त्यामुळे नफ्यावर भांडवली कर नाही. म्हणजे औदार्य अगदी शुद्ध. तेवढं अंमलात येत नाही, इतकंच.

कारण गिऱ्हाईक पसंत पडत नाही. लंडनहून आलेल्या एका तरुणाने वर्षाला किती टक्के सुटतील ते विचारलं. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. दुसरा लोहचुंबक घेऊन आला. पत्र्याखाली कुठे लांबी भरली आहे ते शोधायला तो दारांवरून फिरवू लागला, तेव्हा गृहस्थाने त्याला ‘माझ्या दातांतही भरलंय, बघता का?’ असं विचारलं. तिसऱ्याने ब्लूटूथ बसेल का म्हणून चौकशी केली. तो विषय आजही घरात काढत नाहीत.

जो टिकतो त्याला इंजिन ऐकायला मिळतं. आधी किल्ली अर्धी फिरवून पेट्रोलच्या पंपाची टिकटिक ऐकायची. ती मंदावली की पाय दोनदा दाबायचा, तिसऱ्यांदा नाही. मग बाराच्या बारा सिलिंडर एकदम उठत नाहीत. आधी आठ-नऊ उठतात, खोकतात, बाकीच्यांना हाका मारतात. तीन वेबर कार्ब्युरेटरांतून पेट्रोलचा वास गॅरेजभर पसरतो आणि गृहस्थ बोलायचा थांबतो. दीड तासात तो तेवढाच थांबतो.

त्याचा आदर्श ठरलेला आहे. २०१५ साली डक्सफर्डच्या लिलावात एका माणसाच्या मृत्युपत्राप्रमाणे दोन फेरारी विकल्या गेल्या, आणि लाइफबोटवाल्यांच्या संस्थेला सुमारे ८५ लाख पौंड मिळाले. एकट्या २५० जीटी एसडब्ल्यूबीचे ६६ लाख. हे आकडे तो नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा चोख सांगतो.

‘पण तो माणूस वारला होता,’ बायको आठवण करून देते.

‘तेच तर! मेल्यावर देणं सोपं असतं. गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नाही.’

शेवटी तिनेच लिलाववाल्यांना फोन केला. लिलावाच्या दिवशी, पाहणीच्या वेळी गृहस्थ टाय लावून गाडीशेजारी उभा. येईल त्याला प्रामाणिकपणे सांगतोय: थंडीत दुसरा गिअर रुसतो, डावा वायपर स्वतःच्या मर्जीने चालतो, पावसात नेऊच नका. बिलांची जाडजूड फाइल उघडून तो प्रत्येक बिघाडाचा पुरावाही दाखवत होता. लिलाववाल्यांच्या मुलीने ‘सर, तिकडे केक छान आहे’ म्हणून त्याला दंडाला धरून चहाच्या तंबूत नेलं, तेव्हा कुठे बोली चढायला लागली. हातोडा पडला. गाढवांची चांगलीच चैन झाली. विकत घेणाऱ्या बेल्जियन दंतवैद्याला गृहस्थाने स्वतःचा फोन नंबर दिला आणि त्याचाही घेतला. चाकांतली हवा विचारायला तो दर रविवारी फोन करतो. दंतवैद्य हल्ली रविवारी उचलत नाही.

मात्र त्या दिवशी बायको गाढवांचे कागद सह्या करून परत येईपर्यंत थोडा वेळ गेला, आणि तेवढ्यात गृहस्थाने बोलीचा फलक हातात घेतला होता. पुढची गाडी होती लँचिया फुल्विया. बंद पडलेली, इंजिनाचा अर्धा भाग खोक्यात.

‘ही कोणासाठी?’ बायकोने विचारलं.

‘दुरुस्त करून विकायची. पैसे हॉस्पिसला.’

तिने खोक्यात डोकावून पाहिलं. ‘बरं आहे,’ ती म्हणाली, ‘तोवर तुलाही तिथेच सोडायचं असेल. एकच खेप होईल.’