मृगाआधीचा युरोप

युरोपात एकंदर शहरं किती, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यातली कोणती गाळायची, याबद्दल मात्र प्रत्येकाचं मत पक्कं होतं.

मुळात वर्ध्याचा माणूस मे महिन्यात कुठेही जायला तयार असतो. पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि कूलरच्या टाकीत पाणी ओतून ओतून कंबर धरली, की त्याला चिखलदराही परदेशच वाटतो. त्यात आमच्या लेकीने पुण्याहून फोनवर जाहीर केलं, "बाबा, तुम्ही रिटायर झालात, आता युरोप करायचा." युरोप 'करायचा' असतो, हे मला तेव्हा कळलं. सौ.ने त्याच फोनवर आपल्या मोठ्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, सोबत घ्यायचं कबूल करून टाकलं. अक्का आल्या म्हणजे साडभाऊ आलेच. साडभाऊंची हिंगणघाटकडे कोरडवाहू शेती. कापूस, तूर, सोयाबीन. त्यांनी एकच अट घातली: "तूर निघाली, चना इकला, आता मी मोकळाच हावो. पन मृग लागायच्या आत घरी पायजे. पेरनी काही फ्रान्ससाठी थांबत नाही."

म्हणजे आमच्या युरोपची एक सीमा व्हिसावाल्यांनी आखलेली आणि दुसरी सात जूनच्या मृग नक्षत्राने. मध्ये जे काही दिवस उरत होते, त्यात शहरं कोंबायची होती. लेकीने एक्सेलमध्ये तक्ता करून पाठवला. पहिल्या रकान्यात शहर, दुसऱ्यात कोणाला हवं, तिसऱ्यात का हवं. तिसरा रकाना शेवटपर्यंत रिकामाच राहिला. कारण खरं कारण कोणी सांगेना. सौ.ला स्वित्झर्लंड हवा होता तो बर्फासाठी असं ती म्हणे. पण १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' तिने कितीदा पाहिला, ते मला माहीत आहे. त्या देशाच्या इंटरलाकेन गावात यश चोप्रांचा पुतळा उभारलेला आहे, हे तर तिला आमच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चटकन आठवतं. अक्कांना रोम हवं होतं, कारण त्यांच्या भिशीतल्या एक बाई रोमला जाऊन आल्या होत्या. लेकीला प्राग आणि बुडापेस्ट. तिथे काय आहे विचारलं तर म्हणाली, "व्हाइब आहे." साडभाऊंनी मला हळूच विचारलं, "हे व्हाइब तिकीट काढून पाहा लागते का?"

आमच्या समोरचे निवृत्त इंजिनिअर मागल्या वर्षी बारा दिवसांत नऊ देश उरकून आले होते. त्यांचा सल्ला घ्यायला गेलो. त्यांनी टीव्हीला मोबाइल जोडून फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत ते स्वतः, मागे एक पूल आणि पुलामागे एक घुमट. "हे फ्लॉरेन्स." त्यांच्या सौ. आतून म्हणाल्या, "नाही हो, हे बुडापेस्ट." मग बसचा रंग पाहून ठरवायचं ठरलं; पण बस सगळीकडे तीच होती. ब्रुसेल्सचं मात्र त्यांना पक्कं आठवत होतं. तिथे एका कोपऱ्यावर लघवी करणाऱ्या पोराचा ब्राँझचा पुतळा आहे, जेमतेम दोन फुटांचा, आणि तो पाहायला जगभरची माणसं रांगा लावून उभी असतात. साडभाऊंनी तो फोटो चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला. "एवढ्यासाठी युरो कायले घालवता बाप्पा? आपल्या बसस्टँडच्या मागं रोज फुकट दिसते."

ब्रुसेल्स गळालं.

त्याच रात्री साडभाऊंनी आपलं शहर सांगितलं. सगळ्यांना वाटलं होतं, हा माणूस म्हणेल तुम्ही न्याल तिकडे येतो. ते म्हणाले, "मँचेस्टर." लेक खूश झाली, तिला वाटलं फुटबॉल. साडभाऊंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या आजोबांच्या आजोबांपासून घरचा कापूस तिकडे जात आला. माल गेला, माणूस कधी गेला नाही. यात खोटं काहीच नव्हतं. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या भागाचा कापूस 'हिंगणघाट' याच नावाने ओळखला जाई. अमेरिकेत यादवी सुरू होऊन तिकडची रुई बंद झाली तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड-वर्ध्याची आठवण अधिकच तीव्रतेने झाली. लिव्हरपूलच्या गोदीवर ज्या गावाचं नाव घेतलं जात होतं, त्या गावच्या माणसाने गोदी पाहायचं म्हटलं तर त्यात हसण्यासारखं काय?

मी थोडं वाचून ठेवलं होतं, ते सांगितलं. मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये एके काळी जगभरच्या कापसाचे आणि कापडाचे सौदे होत. १९६८ साली तो बाजार बंद पडला. आता तिथे नाटकं होतात. पण भिंतीवर उंच लावलेल्या फळ्यावर शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच ठेवलेले आहेत.

साडभाऊ ताठ बसले. "अजून तेच भाव हाय?"

"तेच. १९६८ चे."

"मंग तिथं जाऊन काय करू? तसा बोर्ड आमच्या मार्केट यार्डातबी हाय."

अर्थात मँचेस्टर काही या विनोदावर गळालं नाही. ब्रिटनचा व्हिसा शेंगेनमध्ये बसत नाही, वेगळा काढावा लागतो, वेगळे पैसे, वेगळी कागदपत्रं. लेकीने हे सांगितल्यावर साडभाऊ एवढंच म्हणाले, "कापसाले नाही लागला व्हिसा." त्यावर कोणाजवळच उत्तर नव्हतं. कोणी काही बोललं नाही म्हणून अक्कांनी पाटोडीची आमटी गरम करायला घेतली.

आता माझ्या शहराबद्दल. मला व्हिएन्ना हवं होतं आणि माझं कारण मी खुशाल तिसऱ्या रकान्यात लिहायला तयार होतो. सेवाग्रामला आपण जी बापूकुटी पाहतो, ती मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली झोपडी. ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची ही मुलगी, मॅडलिन स्लेड. बेथोव्हेनच्या संगीताची वेडी. त्या वेडापायी ती फ्रेंच लेखक रोमां रोलांकडे गेली, रोलांनी तिला गांधींविषयी सांगितलं आणि १९२५ साली ती साबरमतीला येऊन दाखल झाली. पुढे आमच्या शेगावच्या, म्हणजे आताच्या सेवाग्रामच्या, चिखलात राहिली. १९५९ मध्ये भारत सोडला आणि अखेर व्हिएन्नाजवळ जाऊन राहिली, बेथोव्हेनच्या मुलखात. १९८२ साली तिथेच गेली. वर्ध्याहून व्हिएन्नाला जाणाऱ्या माणसाला याहून भक्कम कारण कोणतं हवं? मी हे सगळं जेवणाच्या पानावर सांगितलं. वर्ध्यात बापूंचं नाव आलं की वाद संपतो, हा माझा जन्मभराचा अनुभव.

सौ.ने भात वाढता वाढता विचारलं, "बापू स्वतः कुठं कुठं गेले होते?"

हा प्रश्न मला आवडला. मी सांगत सुटलो. १९३१ च्या ऑगस्टअखेर गोलमेज परिषदेसाठी निघाले, मार्सेयला उतरले, तिथून लंडन. तिथे किंग्जले हॉलमध्ये गरिबांच्या वस्तीत मुक्काम. मग लँकेशायरला गेले, ज्या गिरण्यांच्या मालावर बहिष्कार घातला होता त्याच गिरण्यांच्या मजुरांना भेटायला. तिथल्या बाया त्यांच्याभोवती उभ्या राहून हात उंचावून ओरडत आहेत, असा तो प्रसिद्ध फोटो आहे. परतीला पॅरिस, मग डिसेंबरच्या थंडीत पंचा नेसून स्वित्झर्लंडचं व्हिलनव्ह, तिथे रोलांकडे मुक्काम. रोलांनी त्यांना पियानोवर बेथोव्हेन वाजवून दाखवला. मग रोम, सिस्टाइन चॅपेल, मुसोलिनी. ब्रिंदिसीहून बोट. वर्ध्याचे ते अजून व्हायचे होते. इकडे आले १९३४ मध्ये.

"म्हणजे स्वित्झर्लंड झालं," सौ. म्हणाली. "पॅरिस झालं. रोमही झालं. व्हिएन्ना कुठं आहे यात?"

साडभाऊ आमटीतून मान वर न काढता म्हणाले, "मँचेस्टरबी झालं."

मी म्हटलं, बापू काही आयफेल टॉवरपाशी फोटो काढायला पॅरिसला गेले नव्हते. हे वाक्य सौ.ने झेलण्यासाठीच जणू जन्म घेतला होता. ती आतून आत्मकथा घेऊन आली. आमच्या घरी ती प्रत लग्नात आहेर म्हणून आलेली, आजवर तिच्यावर मीच हक्क सांगत आलो होतो. त्यात लिहिलेलं आहे, की लंडनला शिकत असताना गांधी पॅरिसचं मोठं प्रदर्शन पाहायला गेले, तेव्हा नव्याने उभारलेल्या आयफेल टॉवरवर दोन-तीनदा चढले आणि वरच्या उपाहारगृहात सात शिलिंग उडवून जेवलेही. कशासाठी? तर उंचावर बसून जेवलो, असं सांगता यावं म्हणून. स्वतःच लिहून ठेवलंय. वर टॉवर काही सुंदर वाटला नाही असंही लिहितात, पण चढून आल्यावर.

"आणि पॅरिसला किती दिवस राहिले ते बघा," सौ.ने बोट ठेवलं. सात दिवस. शाकाहारी खाणावळीतच खोली घेतली आणि बहुतेक सगळीकडे पायी हिंडले. नऊ देश नाहीत, बस नाही. खर्च कमी, गाव मोठं, पाय स्वतःचे.

एरवी मी सौ.चं ऐकतो ते तिला बरं वाटावं म्हणून. या वेळी तिचं म्हणणंच खरं होतं. ज्यांना कुठेही दहा मिनिटं थांबता येत होतं आणि थांबतील तिथे हजारो लोक जमत होते, त्या माणसाने विद्यार्थी असताना एका शहराला आठवडा दिला. आम्ही कोण लागून गेलो?

मग यादी कापायची ठरली तीन मुक्कामांवर. अक्कांच्या रोमने सगळ्यात जास्त टिकाव धरला, पण लेकीने जूनच्या तोंडावर रोमचं ऊन कसं असतं ते दाखवल्यावर अक्का स्वतःच म्हणाल्या, "उन्हातून निघून उन्हात कायले जाता?" प्राग आणि बुडापेस्ट लेकीने मोठ्या मनाने सोडली. तिची व्हाइब ती मैत्रिणींबरोबर नंतर पाहणार आहे, आमच्याशिवाय. हे तिने फार पटकन मान्य केलं, त्याचं मला जरा वाईट वाटलं. स्वित्झर्लंडसाठी इंटरलाकेन ठरलं. त्याची वस्ती सहा हजारांच्या आतली आहे असं कळल्यावर साडभाऊंनी पुन्हा चष्मा काढला. "म्हनजे आपल्या सिंदी रेल्वेपेक्षा लहान? एवढ्या दूर जाऊन सिंदीपेक्षा लहान गावात रायचं?" सौ.ने युंगफ्राऊयोखचा फोटो दाखवला, साडेतीन हजार मीटरच्या जवळपास उंचीवर रेल्वे स्टेशन आणि चहूकडे बर्फ. साडभाऊंनी विचारलं, "गाडी तिथं थांबते की नुसती जाते?" थांबते म्हटल्यावर त्यांचा आक्षेप मिटला. वर्धा जिल्ह्यातला माणूस गावाची किंमत गाडीच्या थांब्यावरून करतो.

गाड्यांचं आमच्यापुरतं सोपंच होतं. पॅरिसहून बाझल, तिथून इंटरलाकेन. मग झुरिचहून व्हिएन्ना आठेक तासांत. लेक घाबरत सांगत होती, "बाबा, आठ तास बसावं लागेल." पोरी, विदर्भ एक्सप्रेसने वर्ध्याहून मुंबईला याहून जास्त वेळ लागतो आणि तोही कोणाची तरी पेटी पायाशी घेऊन. पॅरिसची बाझलकडची गाडी 'गार द लियाँ' नावाच्या स्टेशनातून सुटते, लियाँच्या प्रवाशांचंही तेच स्टेशन, आणि शहरात अशी आणखी कितीतरी मोठी स्टेशनं, हेही आम्हाला अवघड वाटलं नाही. दिल्ली-चेन्नईच्या गाड्या सेवाग्रामला आणि मुंबई-हावड्याच्या वर्ध्याला, या घोळात आमच्याकडचे पाहुणे पन्नास वर्षं चुकीच्या फलाटावर उतरत आलेत आणि आम्ही त्यांना आणत आलोत.

व्हिसाच्या अर्जात मात्र एक रकाना असा आला, की तिथे एकच नाव लिहायचं होतं: मुख्य देश कोणता? जिथे रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज; सारख्या असतील तर जिथे आधी उतराल तिथे. घरात पुन्हा ठिणगी पडायची वेळ आली होती. पण रात्री मोजल्यावर स्वित्झर्लंड एका रात्रीने पुढे निघालं आणि सौ.ने विजयी मुद्रेने कुकर लावला. माणशी नव्वद युरो फी, तीस हजार युरोंचा प्रवासविमा, बँकेची खातेपुस्तकं, सातबारा. सातबारा कोणी मागितला नव्हता, साडभाऊंनी आपणहून जोडला.

त्यांना खरी काळजी होती बोटांच्या ठशांची. "माह्या बोटाचा ठसा रेशनच्या मशीनवर उठत नाही, स्वित्झर्लंडच्या मशीनवर काय उठन?" उभी हयात कापूस वेचण्यात आणि वखर धरण्यात गेलेल्या बोटांवरच्या रेघा कुठून उरणार? अक्कांनी रोज रात्री खोबरेल चोळून दिलं. मुंबईला काचेवर त्यांनी बोटं ठेवली, श्वास रोखला, आणि पहिल्याच खेपेला हिरवा दिवा लागला. तेव्हापासून स्वित्झर्लंडबद्दल त्यांचं मत फार चांगलं झालं आहे.

शेवटचं काम गरम कपड्यांचं. भर मे महिन्यात दुपारी दुकानात शिरून मी थर्मल मागितले. दुकानदाराने कूलर माझ्याकडे वळवला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. "सर, बसा जरा. कोणी आहे का सोबत?" युरोपला निघालोय म्हटल्यावर पोराला माळ्यावर चढवलं. वरून धूळ आली, डांबराच्या गोळ्यांचा वास आला, मग लोकरीची टोपी आली. घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका, म्हणाला.

तर पॅरिस, इंटरलाकेन, व्हिएन्ना. मँचेस्टर पुढच्या खेपेला, भाव काही बदलत नाहीत तोवर. यापेक्षा चांगली यादी तुम्हाला सुचत असेल तर जरूर कळवा. मात्र कळवण्याआधी आपल्या साडूला विचारून घ्या आणि मृग कधी लागतो तेही पाहून ठेवा.