थर्मोस्टॅटवाले काका

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादं बॉनेट उघडं दिसलं, की समजावं, काका आत आहेत. कमरेच्या वरचे काका इंजिनात, खालचे जुन्या बर्म्युड्यात. ‘कसे आहात?’ विचारलं, तर उत्तर गाडीच्या तब्येतीचं मिळतं. ‘काटा वर येतच नाही हो! हायवेला तर पार खाली बसतो. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.’

काकांचं खरं वैर मात्र गॅरेजवाल्याशी. ‘काढून टाकू साहेब, आपल्या हवेत लागतो कशाला?’ असा निकाल त्याने बॉनेट न उघडताच दिला होता. तेव्हापासून पार्किंगमध्ये सापडेल त्याला काका समजावतात : आतल्या डबीत मेण असतं, ते साधारण ८२ ते ८८ अंशांना वितळून फुगतं, झडप ढकलतं आणि मग कूलंट रेडिएटरकडे सुटतं. तोवर इंजिनला तापू द्यायचं असतं. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं. ऐकणाऱ्याच्या हातातली दुधाची पिशवी नासायला आली, तरी हे चालूच.

नवा थर्मोस्टॅट आणून तसाच बसवला, तर ते काका कसले! आधी त्याची परीक्षा. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. (तापाचा नव्हे, तो बेचाळीसला हात टेकतो. घरातला एक असाच गेला.) झडप उघडताना पाहायला तिसऱ्या मजल्यावरून माणसं बोलावली जातात. चहा मिळत नाही. गॅस अडकलेला असतो.

प्रत्यक्ष काम तसं थोडकंच : होजची क्लिप, दोन बोल्ट, एक रबरी रिंग. इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे वॉचमनलाही पाठ आहे. तो टॉर्च धरतो, पण डोळे गेटकडे, म्हणून उजेडही गेटकडे. दहाचा पाना हातातून निसटतो, मात्र जमिनीवर पोचत नाही. घमेल्यातल्या हिरव्या कूलंटकडे सोसायटीचं कुत्रं वळलं, की काका सगळं टाकून धावतात. ते गोड लागतं आणि विषारी असतं.

शेवटी आतली हवा काढायची. त्यासाठी भर मे महिन्यात हीटर पूर्ण चालू ठेवून काका गाडीत बसतात. काटा मधोमध येऊन थांबतो, तेव्हाच घामाने निथळत बाहेर येतात आणि पहिला दिसेल त्याला विचारतात, ‘तुमचा काटा हायवेला कुठे असतो?’

पाचव्या मजल्यावरचे सद्‌गृहस्थ जिन्याने जातात. लिफ्ट यायला वेळ लागत असतो.